अंगठा आधी सुटतो

आमच्या फ्रिजवर महिनाभर एक कागद होता. त्यावर हाताचं चित्र: तळवा बॉलच्या मागे, मनगट ताठ, बाण सरळ समोर. खाली कोपऱ्यात माझ्या धाकट्या दिरांनी लाल पेनानं लिहिलेलं, ‘सही तरीका’. तो महिना आठवला की आजही माझं डोकं फिरतं. दिरांचा राग येतोच, पण त्याहून जास्त माझा मला येतो, कारण तो कागद तिथे लोहचुंबकाखाली मीच लावला होता.

आम्ही जबलपूरच्या मराठी मंडळातले आठ-दहा निवृत्त लोक दर मंगळवारी मॉलच्या वरच्या मजल्यावर बोलिंग खेळायला जातो. क्रिकेटचं नव्हे. लांब गुळगुळीत पट्टी, टोकाला त्रिकोणात उभ्या दहा पिना, आणि तीन भोकांचा जड बॉल. दोन बोटं आणि अंगठा भोकांत घालायचा, हात झुलवायचा आणि बॉल पट्टीवर सोडून द्यायचा. पहिल्या दिवशी साडीवर तिथले भाड्याचे बूट घालून मी उभी राहिले, तेव्हा आमचे हे इतके हसले की त्यांना ठसका लागला. मग मी बॉल टाकला आणि दहाच्या दहा पिना आडव्या झाल्या. ह्यांचं हसणं थांबलं, ठसका मात्र चालू राहिला.

माझा बॉल वळायचा. उजव्या कडेनं सरळ निघायचा, पट्टीच्या पुढच्या भागाला चोपडलेलं तेल संपलं की डावीकडे कलायचा आणि पहिली पिन आणि तिच्या उजव्या हाताची पिन यांच्या फटीत शिरायचा. बाकीच्यांचा बॉल नाकासमोर जाऊन पहिल्या पिनेवर आदळायचा आणि दोन्ही कडांच्या पिना तशाच उभ्या राहायच्या. माझाच का वळतो, असं सगळे विचारायचे. मला ते आठवडाभरात कळलं होतं.

रांझीच्या फॅक्टरीत मी एकतीस वर्षं इन्स्पेक्शनला होते. आटे पाडलेली भोकं तपासायची, हे काम. गेज म्हणजे अचूक आट्यांची पोलादी कांडी. ती भोकात फिरवत घालायची आणि फिरवत काढायची. काढताना जोर लावला तर आटे खरवडतात, म्हणून आम्हाला पहिल्याच आठवड्यात शिकवलं होतं की अंगठा आधी सोडायचा आणि उरलेलं फिरवणं दोन बोटांच्या टोकांवर ठेवायचं. दिवसातून शेकडो वेळा मी तेच केलं. बॉल सोडताना हात आपोआप तेच करायचा. अंगठा आधी बाहेर, मग दोन बोटं बॉलच्या कुशीवरून वर येताना त्याला हलकेच फिरवायची.

बॉल परत आला की त्यावर पट्टीच्या तेलाचं कडं उमटलेलं असायचं. जिथे टेकत गेला तिथेच तेल लागतं, दुसरं काही नाही. माझं कडं अंगठ्याच्या भोकापासून बोटभर लांबून जायचं, पूर्ण गोल, कुठेही न तुटलेलं. बाकीचे लोक फडक्यानं बॉल पुसून टाकायचे. मी आधी बघायची, मग पुसायची.

हे सगळं छान चाललेलं असताना नागपूरच्या मंडळानं सामना ठरवला. आमच्याकडून चौघांनी जायचं होतं. नागपूरला मी लग्नांना गेले आहे, बारशांना गेले आहे, तेराव्यांना गेले आहे. खेळायला कधीही नाही. मला जायचं होतं. वयाच्या बासष्टाव्या वर्षी मला शाळेतल्या पोरीसारखं जायचं होतं, आणि ते मी कुणापासून लपवलंही नाही.

माझे हे धाकटे दीर, भाऊजी, मंडळाचे सचिव. कॉलेजात शिकवून निवृत्त झाले, पण शिकवणं काही निवृत्त झालं नाही. आज पाहिलेली गोष्ट ते उद्या दुसऱ्याला समजावून सांगतात.

“वहिनी, पिना पडून राहिल्या हे ठीक, पण हात फिरून राहिला न तुमचा,” ते म्हणाले. “नागपूरवाले हसतील.”

“काहून हसतील? पडून तर राहिल्या पिना!”

“अहो, लक आहे ते. आज आहे, कल नहीं रहेगा.”

दुसऱ्या दिवशी ते कागद घेऊन घरी आले. मोबाईलवरून छापून आणलेला. “हे घ्या वहिनी, ड्रॉइंग. तुम्ही तर ड्रॉइंगवाल्या!”

इथे त्यांनी माझी नस पकडली. फॅक्टरीतल्या आमच्या शॉपमध्ये ड्रॉइंगपुढे, म्हणजे तुकड्याच्या मापांच्या नकाशापुढे, कोणाचं चालत नसे. फोरमन ओरडू दे, मोठे साहेब खाली उतरू देत, तुकडा कितीही सुबक असो, ड्रॉइंगशी जुळला नाही की तो बाजूला. त्या जोरावर मी भल्याभल्यांना गप्प केलं आहे. आता माझ्यासमोर ड्रॉइंग होतं आणि माझा हात त्याच्याशी जुळत नव्हता. मी हात बाद केला. एवढं सोपं होतं ते.

महिनाभर मनगटाला ह्यांची क्रेप बँडेज बांधून मी बॉल टाकला. घरी पॅसेजमध्ये रिकामा हात झुलवत राहिले. मनगट ताठ ठेवायचं म्हणून मूठ आवळली गेली, आणि मूठ आवळली म्हणून अंगठा भोकात अडकून राहायला लागला. बॉल निघाला की दर फेरीला ते भोक पट्टीवर आपटून आवाज यायचा, टक, टक, टक. कडं आता थेट अंगठ्याच्या भोकावरून जात होतं. मला दिसत होतं, ऐकू येत होतं, आणि तरी मी फ्रिजवरच्या कागदाकडे बघून स्वतःलाच दामटत होते.

“जमून राहिलं वहिनी, अभी बैठेगा हाथ,” भाऊजी म्हणायचे.

निवडीच्या दिवशी मी पाचवी आले. रिक्षात आमचे हे म्हणाले, “जाऊ दे नं, खेळच आहे.” त्या वाक्यानं माझं जे पित्त खवळलं ते घरी पोचेपर्यंत उतरलं नाही. मी कागद फ्रिजवरून ओढून काढला आणि तेव्हा, महिन्यानंतर, पहिल्यांदा त्याच्या खालच्या कोपऱ्याकडे नीट पाहिलं.

ड्रॉइंग हातात आलं की इन्स्पेक्टर आधी खालचा कोपरा बघतो. हे कुठल्या तुकड्याचं आहे, ते तिथे लिहिलेलं असतं. ते न बघता मोजायला बसणारा माणूस इन्स्पेक्टरच नव्हे. या कागदाच्या कोपऱ्यात नुसतं ‘सही तरीका’ होतं आणि छापलेली एक ओळ अर्धी कापली गेली होती. मी भाऊजींना फोन करून मूळ चित्र मागवलं. त्यांनी लगेच पाठवलं, स्वतः न वाचता. खाली इंग्रजीत स्पष्ट लिहिलं होतं की कडेची एकच पिन उरली असेल तेव्हा बॉल सरळ जावा म्हणून हात असा ठेवावा. आणि शेजारी दुसरं चित्र होतं, दहाही पिना उभ्या असताना टाकायच्या पहिल्या बॉलचं. बोटं बॉलच्या कुशीला, अंगठा आधी बाहेर, बाण वळलेला. तो माझा हात होता.

ड्रॉइंग बरोबर होतं, तुकडा दुसरा होता. आणि भाऊजींनी कागदावर मावत नाही म्हणून माझं चित्र कापून टाकलं होतं.

पुढच्या मंगळवारी सगळ्यांसमोर मी मोबाईल त्यांच्यापुढे धरला. वाटलं होतं, निदान चेहरा तरी उतरेल. त्यांनी चष्मा वर करून वाचलं आणि हसले.

“अच्छा! असं आहे का? मग टाका न वहिनी तुमच्या हातानं, कोण अडवून राहिलं? आत्ता टाका. वळला तर नागपूरची माझी जागा तुमची. चलो!”

ते मनापासून म्हणत होते, हेच मला सहन होत नाही. जागा खरंच माझी झाली असती. मी बँडेज सोडली, बॉल घेतला, हात झुलवला. टक, टक, टक. बॉल सरळ गेला. दुसरा टाकला, तोही सरळ. तिसरा पट्टीच्या कडेच्या नालीत पडला. अंगठा सुटतच नव्हता. एकतीस वर्षांत जे कधी विसरले नव्हते, ते महिनाभरात माझ्याच मेहनतीनं गेलं होतं.

“पाहिलं न?” भाऊजी मायेनं म्हणाले. “म्हणून म्हटलं होतं, लक होतं ते.”

आयुष्यात मी कोणावर हात उगारलेला नाही. त्या दिवशी भाड्याचे बूट मी काउंटरवर असे आपटले की तिथला मुलगा दचकला.

चौघं नागपूरला जाऊन आले. काय झालं ते मी विचारलं नाही, भाऊजींनी तीनदा सांगितलं. कागद मी फाडला नाही. कोपऱ्यातलं ‘सही तरीका’ खोडून तिथे ‘फक्त शेवटच्या एका पिनेसाठी’ असं लिहिलं आणि परत फ्रिजवर लावला. आता लोणच्याची बरणी उघडताना मी झाकण सैल झालं की अंगठा सोडते आणि दोन बोटांनी फिरवते. भाजीवाला दारात उभा असला तरी आधी तेच. आमचे हे आजकाल बरणी मुद्दाम गच्च लावून ठेवतात.

काल मंगळवार होता. माझा बॉल परत आला आणि भाऊजी सवयीनं फडकं घेऊन तो पुसायला पुढे झाले.

“हात लावू नका!”

इतक्या मोठ्यानं ओरडले मी की पलीकडच्या पट्टीवरचे लोकही थांबले. भाऊजींचा चेहरा उतरला, पहिल्यांदाच. मी बॉल उचलून दिव्याखाली धरला. कडं अजून भोकाला घासूनच जात होतं, पण आता काठाला. बॉल वळला नव्हता. टक आवाज मात्र एकदाच आला होता, अगदी सुरुवातीला, आणि पुढे तो पट्टीच्या टोकापर्यंत गप गेला होता.