दगड नानांचा नव्हता

वाढप्यानं गरम आमटी माझ्या मांडीवर ओतली आणि म्हणाला, "घे. बसून पायजे व्हती ना?"

पंगत हसली.

गावच्या भंडाऱ्यात आम्हा महारवाड्यातल्या माणसांना सगळ्यांचं झाल्यावर, मांडवाबाहेर, आपापल्या भांड्यात वाढत. त्या वर्षी नाना आम्हा अकरा जणांना घेऊन पंगतीतच बसले. नाना आमच्या वस्तीचे पुढारी. जुन्नर-आंबेगावच्या वाड्यावस्त्या पायी फिरलेले. त्यांचा नियम एकच. हात गुडघ्यावर. कोणी काही केलं तरी उठायचं नाही, हात उगारायचा नाही. महिनाभर वस्तीत आम्ही त्याचा सराव केला. शेवंताकाकू गाववाली व्हायची. अंगावर पाणी फेकायची, अशा शिव्या द्यायची की नानाच म्हणायचे, "काकू, गाव बी येवढं बोलत न्हाई गं."

एवढा सराव करूनही मी उठलो. मांडवामागं गेलो. दगड उचलला आणि मारला. वाढप्याचं कपाळ फुटलं.

फौजदारानं विचारलं, "कुणी मारला?"

गोंधळात कोणाला दिसलं नव्हतं. नानांना दिसलं होतं. माझ्याकडे न बघता ते म्हणाले, "यांना मी बसवलंय. मला न्या."

मी खाली बघत राहिलो. तेव्हा माझ्या लग्नाला महिना झाला होता. हे कारण मी पन्नास वर्षं स्वतःला सांगतोय.

नाना वर्षभर तुरुंगात होते. इतर गावांत पंगतीत बसायला निघालेली माणसं घरीच राहिली. शांततावाल्यानंच डोकं फोडलं, असं म्हणायला लोकांना सोपं झालं. सुटून आल्यावर नानांनी मला एवढंच विचारलं, "मांडी बरी झाली का?"

मी हो म्हणालो. पुढे ते वारले, तरी बोललो नाही.

आता त्यांच्या मुलीनं, सुलभानं, त्यांच्यावर पुस्तक लिहिलंय. नारायणगावला छापायला देण्याआधी मला वाचून दाखवलं. त्यात दगडाचं पान सगळ्यात रंगवलेलं. मी तिला खरं सांगितलं.

"ऱ्हाऊ द्या काका," म्हणाली. "माझ्या बापानं जन्मात एकदा तरी हात उचलला, येवढ्यावर मी मान वर करून जगले."

थकलोय मी. पण तिला बरं वाटावं म्हणूनसुद्धा हे ठेवणार नाही. नानांनी कधीच हात उचलला नाही. ते भ्याले म्हणून नव्हे. भ्यालो मी. हे मी माझ्या नावानं लिहून, सही करून देणार. तिनं छापलं नाही तर नानांच्या पुण्यतिथीला माइकवर बोलेन. मग ती माझ्या दारात पाऊल टाकणार नाही.

न टाको.