वार्निशखालची बाई

काकू कुणाशीही बोलताना डोळे बारीक करायच्या. पहिल्यांदा भेटणाऱ्याला वाटावं, बाईंना आपला राग आलाय. त्यांनी वांग्यांकडे तसं पाहिलं की दांडिया बाजारातला भाजीवाला कळवळून म्हणायचा, "ताजां ज छे, बेन." काकू वांग्यावरची सावली बघत असायच्या, हे त्या बिचाऱ्याला कोण सांगणार?

मी तेव्हा नंदेसरीच्या एका कारखान्यात नोकरीला होते आणि आमचं दार काकूंच्या दारासमोर. बँकांनी स्वेच्छानिवृत्ती देऊ केली तेव्हा काकू नोकरी सोडून मोकळ्या झाल्या आणि पन्नाशीत ऑइल पेंटिंग शिकायला लागल्या. लोक म्हणाले, हे काय नवीन खूळ. कारण घरातच होतं. त्यांच्या सासूबाईंना, म्हणजे आमच्या सगळ्यांच्या आजींना, काचबिंदू झाला होता आणि नजर हळूहळू जात होती. आजी रंगाने चांगल्याच सावळ्या. लग्नातल्या एकुलत्या एका फोटोत मात्र स्टुडिओवाल्याने त्यांना पार गोरं करून टाकलेलं. "यांच्याशेजारी ही कोण बाई उभी आहे, कोण जाणे," आजी म्हणायच्या, आणि पुन्हा कधी त्या कॅमेऱ्यासमोर उभ्या राहिल्या नाहीत. नजर आहे तोवर त्यांना त्यांचा खरा चेहरा दाखवायचा, एवढंच काकूंना करायचं होतं.

तरसालीचे एक निवृत्त चित्रकला शिक्षक त्यांना शिकवायचे. आधी जुन्या चित्राची नक्कल करा, मग जिवंत माणसाकडे वळा, असं सरांचं म्हणणं. काकूंनी कमाटीबागेतल्या म्युझियममधली एक परदेशी म्हातारी निवडली आणि परवानगी काढून तिच्यासमोर स्टूल टाकून बसायला लागल्या. ऑइलचा एक थर वाळल्याशिवाय दुसरा देता येत नाही, आणि पावसाळ्यात तो वाळता वाळत नाही. घरात टेबलफॅन कॅनव्हाससमोर आणि आजी उकाड्यात, असे दिवस काढले त्या घराने.

नक्कल पुरी झाली. सर आले आणि बघून हसायलाच लागले. म्हणाले, ही बाई गोरी आहे हो. मूळ चित्रावरचं वार्निश जुनं होऊन तपकिरी पडलंय, तुम्ही ते वार्निशच रंगवलंत.

"दिसलं ते काढलं," काकू म्हणाल्या. हे त्यांचं नेहमीचं वाक्य, पण त्या दिवशी आवाज पडला होता. मला फार वाईट वाटलं. आता पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करायची, आणि आजींची नजर तर कुणासाठी थांबणार नव्हती.

संध्याकाळी मी डोकावले तर काकू आजींचा हात त्या चित्राजवळ धरून डोळे बारीक करून बघत होत्या. म्हातारीच्या गालाचा रंग आणि आजींच्या मनगटाचा रंग, फरक सांगता येईना. चुकून का होईना, सावळ्या कातडीवर उजेड कसा पडतो ते काकू शिकून बसल्या होत्या.

मग त्या थांबल्या नाहीत. आजी मेथी निवडत बसायच्या आणि काकू त्यांना रंगवायच्या. चित्र पगडीवाल्या शिलेदार पूर्वजांच्या भिंतीवर, आजोबांच्या तसबिरीशेजारी लावायचं म्हटल्यावर नातेवाइकांनी कुरकुर केली. गेलेल्या माणसांच्या रांगेत जिवंत माणूस कसा टांगायचा?

"बघायला माणूस आहे तोवर लावूया," काकू म्हणाल्या आणि स्वतःच खिळा ठोकला.

घाई एवढी की रंग अजून पुरता वाळला नव्हता. आजी चित्राला नाक लावून कितीतरी वेळ बघत राहिल्या. त्यांनी रंगातल्या हनुवटीला बोट लावलं, मग तेच स्वतःच्या हनुवटीला. आजोबांच्या तसबिरीकडे वळून म्हणाल्या, "आता कसं. यांच्याशेजारी मीच आहे."

काकूंचा चेहरा तेव्हा तुम्ही बघायला हवा होता. एवढं जिंकलेलं माणूस मी पुन्हा पाहिलं नाही. हनुवटीवर बोटाचा ठसा उमटला होता, तो चित्र बघायला आलेले सर ब्रशने बुजवायला निघाले, तर काकूंनी त्यांच्या हातातून ब्रश काढून घेतला.

पुढे आजी गेल्या, काही वर्षांनी काकूही गेल्या. काकूंनी काढलेली ती परदेशी म्हातारीही आता त्याच भिंतीवर आहे. घरातली नवी सून पाहुण्यांना सांगते, या आमच्या आजी आणि या त्यांच्या बहीण. मी कधी दुरुस्त केलं नाही. आजींच्या हनुवटीवरचा ठसा अजून आहे, पण तो दिसायला डोळे बारीक करावे लागतात.