बुटाचं टोक

लेर्खबाख या डोंगरातल्या गावात वसंत आला हे फुलांवरून कुणी ओळखत नाही. स्कीवाल्या पाहुण्यांचा शेवटचा जथा खाली गेला, त्यांना तारेवरून डोंगरावर नेणाऱ्या लिफ्टच्या खुर्च्या शेडमध्ये टांगल्या, कुरणांवर पसरलेल्या शेणखताचा वास घराघरात शिरला आणि चर्चच्या हॉलमधून ठोकाठोकी ऐकू यायला लागली, की समजायचं, आला. हिवाळाभर पाहुण्यांपुढे हसून हसून गावाचे गाल दुखलेले असतात. आता गाव स्वतःसाठी हसणार, म्हणजे नाटक करणार. हॉटेलच्या मालकिणीला हटकून मोलकरणीचं काम मिळतं आणि तिच्याकडे राबणाऱ्या पोरींना त्याचा कोण आनंद होतो!

रंगमंचाच्या पुढच्या कडेला मधोमध एक खड्डा आहे. प्रेक्षकांच्या बाजूनं त्याला लाकडी आडोसा, म्हणजे आतलं माणूस दिसू नये. त्या खड्ड्यात बुर्गल तरुणपणी जाऊन बसली ती म्हातारी होईपर्यंत उठली नाही. नाव खरं नोटबुर्गा, पण त्या नावानं तिला फक्त पाद्री हाक मारायचा. हिवाळ्यात हॉटेलच्या धुलाईघरात चादरींना इस्त्री, वसंतात प्रॉम्प्टिंग, म्हणजे अडलेल्या नटाला खालून वाक्य पुरवायचं. आवाज असा, की नटाच्या कानात शिरेल आणि पहिल्या रांगेला पत्ता लागणार नाही. तिचा नवरा, देव त्याला शांती देवो, म्हणायचा, "ही कुजबुज कधीतरी घरी पण आण की गं!"

खड्ड्यातून पहिल्यांदा दिसतात ते बूट. चेहरा बघायचा तर मान पार मागे टाकावी लागते. त्यामुळे बुर्गल माणसं बुटांवरून ओळखायची. कोण घाबरलंय, कोण पिऊन आलंय, कोण कुणाच्या प्रेमात पडलंय, सगळं तिला घोट्याखालीच कळायचं.

आणि सगळ्या बुटांत तिला पाठ होते ते सेराफीनचे. सेराफीन लिफ्टवर मेकॅनिक, शाळेत तिच्याच बाकावर बसलेला. दिसायला बेतास बात, आवाज घोगरा. पण हा पठ्ठ्या पॉज घ्यायचा! एखाद्या वाक्याच्या अलीकडे थांबायचा, हॉल श्वास रोखून बसायचा, बायकांचे रुमाल निघायचे, आणि मग तो ते वाक्य हळूच ठेवायचा. खालच्या दरीतल्या गावांतून लोक त्याच्या पॉजसाठी चढून यायचे. वाक्य काय, कुणीही बोलेल.

एका वसंतात बुर्गल चुकली. पॉज जरा लांबला तशी तिला वाटलं हा अडकला, आणि तिनं वाक्य दिलं. नेमकं ते पहिल्या रांगेनं ऐकलं आणि पिकला हशा. खेळ संपल्यावर सगळे श्नॅप्सचे प्याले घेऊन उभे असताना सेराफीननं तिला चारचौघांत झापलं.

"अगं बाई, मी विसरलो नव्हतो, थांबलो होतो! एवढा फरक कळत नसेल तर इस्त्रीच कर, त्या खड्ड्यात कशाला बसतेस?"

बुर्गलच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. पण तीही काही कमी नव्हती.

"बरं बाबा, तू मोठा नट! इथून पुढं तुला हवं असेल तेव्हा उजव्या बुटाचं टोक हलव. नाही हललं तर मी मेले समज."

"ठरलं."

"ठरलं!"

झालं, त्यानंतर वर्षामागून वर्षं गेली, बुटाचं टोक एकदाही हललं नाही. दोघांचं बोलणंचालणं पुढं नेहमीसारखं झालं. त्याच्या मुलीची, ओटीलीची, ती धर्माची मावशी झाली. त्याची बायको फिलोमेना गेली तेव्हा सुपाचं पातेलं घेऊन पहिली तीच पोचली. पण ते 'इस्त्रीच कर' मात्र तिनं कधी सोडलं नाही. काटा रुतून वर कातडी यावी तसं ते आत राहिलं.

मग तो वसंत आला. नाटकात दोन भाऊ, एका बांधावरून आयुष्यभर अबोला धरलेले. शेवटच्या अंकात धाकटा म्हणतो, तुझ्या दारापर्यंत येऊन मी कितीदा परत गेलो. त्यावर थोरल्यानं थांबायचं आणि म्हणायचं, "दाराला कडी नव्हतीच. तू ढकलून बघितलं नाहीस." थोरला अर्थात सेराफीन. वाक्य तर त्याच्यासाठीच लिहिलेलं.

तालमींना तो उशिरा यायला लागला. एकदा एंट्री चुकीच्या दारातून घेतली. एके दिवशी बुर्गलनं खड्ड्यातून बघितलं तर एक बूट काळा आणि एक तपकिरी.

"काय रे, अर्धा लग्नाला आणि अर्धा गोठ्यात निघालास का?" ती म्हणाली. सगळे हसले, तोही हसला. पण त्याचं हसू जरा मागाहून आलं. बुर्गलला ते दिसलं होतं. दिसूनही ती पुढचं पान उलटून बसली.

खेळाच्या आदल्या दिवशी ओटीली धुलाईघरात आली. हंगामाच्या उरलेल्या चादरींच्या ढिगापाशी घुटमळली.

"मावशी, बाबांना जरा सांभाळून घे हं उद्या. ते हल्ली... थोडे जरी अडखळले तरी तू बोल. वाट बघू नकोस."

"मला शिकवतेस होय?" बुर्गलनं इस्त्री आपटली. "तुझ्या बापाचा पॉज तुझ्या जन्माआधीपासून ओळखते मी. त्यानंच सांगितलंय, मध्ये बोलायचं नाही. त्याला विचार जा!"

पोरगी खाली मान घालून गेली. लगेच पाठोपाठ जावं, असं बुर्गलच्या मनात आलंही. पण चादरी होत्या.

खेळाला हॉल गच्च भरला होता. पहिले दोन अंक बरे गेले. तिसऱ्यात धाकट्या भावानं आपलं वाक्य टाकलं, आणि सेराफीन थांबला.

काय पॉज होता तो! हॉल गप्प. रुमाल निघाले. बुर्गलची नजर त्याच्या उजव्या बुटावर. टोक हललं नाही. ती मनातल्या मनात म्हणालीसुद्धा, वा रे पठ्ठे, म्हातारपणी सगळ्यांवर कडी केलीस. मग कुणीतरी खोकलं. बाकं करकरली. वाक्य तिच्या जिभेवर होतं, नुसते ओठ उघडायचे होते. आणि तेवढ्यात आतून तो जुना काटा म्हणाला, बोलू नकोस, पुन्हा झापेल. दुसरंही एक वाक्य आलं, आणि त्याचीच तिला पुढं जन्मभर लाज वाटली. होऊ दे की जरा त्याची फजिती. हलवू दे एकदा बूट!

मागून लिफ्टवरचा एक जण ओरडला, "सेराफीन, तार अडकली का रे?"

हॉल फुटला. लोक दुष्ट नव्हते. त्यांना वाटलं गंमत आहे. एकमेकांच्या खांद्यावर डोकी टाकून हसले बिचारे. तेव्हा कुठे बुर्गलनं मान मागे टाकून वर बघितलं. सेराफीन प्रेक्षकांकडे बघतच नव्हता. तो तिच्याकडे बघत होता, सरळ खड्ड्यात, जत्रेत हात सुटलेल्या पोरासारखा. केव्हापासून बघत होता कोण जाणे. तो वाक्य विसरला होता आणि बुटाची खूणही विसरला होता.

ती बोलली. पण हशात तिची कुजबुज तिला स्वतःलाच ऐकू आली नाही. दिग्दर्शक कासिआननं पडदा ओढला. सेराफीननं चिकटवलेली मिशी काढली, खिशात घातली आणि कुणाशी न बोलता घरी गेला. त्यानंतर त्यानं हॉलमध्ये पाऊल टाकलं नाही.

डॉक्टरांनी आजाराचं जे नाव सांगायचं ते सांगितलं. पुढच्या हिवाळ्यात त्याला खाली दरीतल्या वृद्धाश्रमात ठेवावं लागलं. वसंत आला, हॉलमध्ये ठोकाठोकी सुरू झाली. कासिआन बुर्गलच्या दारात आला तर तिनं सरळ सांगितलं, "दुसरी बाई बघ. मला जमणार नाही."

ओटीलीला तिनं एकदाच विचारलं, तेही दुसरीकडे बघत. "त्या दिवसाचं काही बोलतो का गं तो?"

"नाही गं मावशी. त्यांना काहीच आठवत नाही. आईचं नाव नाही, माझं नाही. तू मनाला लावून घेऊ नकोस."

ही पोरगी, जिला तिनं धुलाईघरातून हाकललं होतं, तीच तिची समजूत घालत होती. बुर्गलनं ती समजूत घट्ट धरली. काहीच आठवत नाही म्हणजे तेही आठवत नसणार, असं ती स्वतःला रोज सांगायची.

नाटकाच्या दिवशी ती हॉलमध्ये न जाता दुपारच्या बसनं खाली गेली. सोबत पिशवीत ताजे क्रापफेन, साखर भुरभुरलेले तळलेले गोड पाव. सेराफीन खिडकीशी बसला होता. पायात आश्रमाच्या कापडी चपला. त्यानं क्रापफेन खाल्ला, साखर ओठांना लागली ती तिनं पुसली.

"आज नाटक आहे वर," ती म्हणाली.

त्यानं मान डोलावली, परक्या बाईच्या बोलण्याला डोलवावी तशी. मग बुर्गलनं खुर्ची जवळ ओढली आणि तिच्या खड्ड्यातल्या आवाजात म्हणाली, "दाराला कडी नव्हतीच. तू ढकलून बघितलं नाहीस."

तिची नजर सवयीनं त्याच्या चपलेकडे गेली. मग तिनं जिवाच्या करारानं मान वर केली आणि त्याच्या तोंडाकडे बघत राहिली.

"हेच ते," सेराफीन म्हणाला. "हेच हवं होतं."

"कधी रे?"

"मी उभा होतो. सगळे हसत होते." तो हळूहळू बोलत होता, तिला कुठलीशी जुनी गोष्ट सांगावी तसा. "खाली एक बाई बसलेली. कोण होती, आठवत नाही. पण तिला येत होतं. तिच्या तोंडावर दिसत होतं, तिला येत होतं."

बुर्गलनं हातातला साखर पुसलेला रुमाल घडी केला, उलगडला, पुन्हा घडी केला.

"हो," ती म्हणाली. "येत होतं तिला."