समुद्रातली यशवंतची जागा

नाशिकहून निघालो तेव्हा सोमनाथ माझ्या मोटारसायकलवर मागे बसला होता. फडक्यात बांधलेली नागली (नाचणी) त्यानं पोटाशी धरली होती. आम्ही दोघं अंबडला एकाच कारखान्यात, शेजारशेजारच्या लेथवर काम करतो. तो सुरगाण्याकडचा. त्याचा धाकटा भाऊ यशवंत दरवर्षी भात कापून झालं की समुद्रावर बोटीत खलाशी म्हणून जायचा. मागच्या हिवाळ्यात तो बोटीवरून नाहीसा झाला. देहही मिळाला नाही.

"दादा, माझा भाऊस (भाऊ) जिथं गेला ती जागा तरी बघू. घरची नागली तिथं ठेवतो," सोमनाथ म्हणाला होता. त्यानं समुद्र कधी पाहिलेला नव्हता. एकट्यानं जायचा त्याला धीर होईना, म्हणून मी निघालो.

त्र्यंबक, मोखाडा, जव्हार मागे पडले. घाट उतरताच हवा चिकट झाली. डहाणूच्या बाजूच्या एका लहान बंदरात पोहोचलो तेव्हा ऊन कलत होतं. बांबूंवर बोंबील वाळत होते आणि त्यांच्यामागे पाणीच पाणी. सोमनाथ बराच वेळ बघत उभा राहिला.

"पलीकडचा काठ कुठं हाय?" त्यानं विचारलं.

मी गाडी स्टँडवर लावली.

फोनवर ठरल्याप्रमाणे तिथले मच्छीमार जनूकाका आमची वाट बघत होते. यशवंत होता त्याच मोठ्या बोटीवर ते होते. त्या प्रकारानंतर त्यांनी ती सोडली आणि आता ते स्वतःची छोटी होडी एकटेच चालवतात. "उद्या कुप्याला (टूना माशाला) जायाचं हाय," ते म्हणाले. "वाट तीच. चला माझ्यासंगती."

उजाडता उजाडता निघालो. डिझेलच्या वासानं आणि हेलकाव्यांनी मला बोट लागली. मी काठावर वाकून ओकलो. काकांनी लिंबाची फोड हातात दिली. "खाली बघू नका, लांब बघा." लांब बघायला किनारा होता तोवर ठीक होतं. मग तोही बुडाला. काकांनी तांदळाची भाकरी आणि जवळ्याची चटणी काढली. सोमनाथनं तुकडा मोडला आणि तसाच हातात धरून बसला.

काकांनी होडीच्या मागे गळाच्या दोऱ्या सोडल्या. गळांना चमकत्या पट्ट्या बांधल्या होत्या. त्या पाण्यातून पळताना लहान मासोळीसारख्या दिसत. सोमनाथ पुन्हा पुन्हा विचारत होता, "आली का जागा?"

शेवटी काकांनी इंजिन हळू केलं.

"खरं सांगू? जागा कुनालाच ठाव नाय. रातभर बोट चालत व्हती. सकाळी चहाला हाक मारली, तवा यशवंत नाय. मागं फिरून सांजपर्यंत शोधला." त्यांनी हात उचलून या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवला. "हितून तिथवर, कुठंतरी."

"फोनवर का नाय सांगितलं?"

"फोनवर कसं सांगू रं?"

तेवढ्यात समोर पक्ष्यांचा थवा पाण्यात सूर मारू लागला आणि एका दोरीला जबर हिसका बसला. "वढा!" काका ओरडले. तिघांनी मिळून दोरी ओढली. माझे तळहात सोलवटले. निळ्याकाळ्या पाठीचा, गोटीबंद अंगाचा कुपा फळ्यांवर येऊन आदळला. त्याची शेपटी इतक्या वेगानं थडथडत होती की होडी थरथरत होती. काकांनी दांडक्यानं डोक्यावर हाणलं. थडथड मंदावली, मग थांबली.

सोमनाथनं त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि चटका बसावा तसा मागे घेतला.

"दादा, हा गरम हाय."

"कुपा तसाच," काका म्हणाले. "बाकी मासळीवानी थंड नसतो."

सोमनाथ माशाकडे बघत राहिला. मग म्हणाला, "यशवंतला थंडी वाजली असंल का?"

काकांनी इंजिन बंद केलं. लाटा फळ्यांवर आपटत होत्या.

सोमनाथनं फडकं सोडलं. मूठ भरली, पण ती उघडेना. इकडे बघे, तिकडे बघे. सगळं पाणी सारखंच. शेवटी त्यानं थोडी नागली तिथं सोडली. बारीक लाल दाणे क्षणभर दिसले आणि गेले. "काका, हळू चालवा," तो म्हणाला. काकांनी उरलेल्या दोऱ्या गुंडाळून ठेवल्या. मासळी आजूबाजूला उसळत होती, पण त्यांनी पुन्हा गळ टाकला नाही. होडी आडवी-उभी फिरत राहिली आणि सोमनाथ चिमूट चिमूट दाणे सोडत गेला. फडकं रिकामं झालं तरी होडीपुढचं पाणी संपलं नव्हतं.

किनाऱ्यावर काकांनी कुप्याचा मोठा तुकडा आमच्यासाठी कापला. सोमनाथनं नको म्हणून मान हलवली. परतीच्या घाटात तो मागे बसून रडत होता. वाऱ्यात आवाज येत नव्हता, पाठीला कळत होतं. प्रवासात माणूस ठिकाण बघून येतो, निदान घरच्यांना सांगण्यापुरतं. आम्ही काय बघून आलो होतो?

नाशिकला न जाता आधी सुरगाण्याला त्याच्या घरी गेलो. आई ओट्यावर भात पाखडत होती. डोंगराखाली उतरून तिनं कधी समुद्र पाहिलेला नाही. आम्हाला बघून तिनं सूप बाजूला ठेवलं.

"जागा पाहिली?"

"पाहिली," सोमनाथ म्हणाला.

"जवळ झाड हाय का?"

सोमनाथनं माझ्याकडे बघितलं. मी खाली बघितलं.

"हाय, आये."

"कशाचं?"

"मोहाचं."

"मोठं हाय?"

"लय मोठं," तो म्हणाला. "सावली पडते."