एका 'द'मुळे

माझ्या मावशीच्या यजमानांनी इंग्रजी भाषेवर जेवढं प्रेम केलं, तेवढं खुद्द इंग्रजांनीही केलं नसेल. आणि त्या प्रेमापायी आम्हाला जेवढे धक्के बसले, तेवढे कुणाच्या वैऱ्यालाही बसू नयेत. शिवाजी पार्कच्या मागच्या गल्लीत राहणारे हे आमचे काका कारकुनीतून निवृत्त झाले आणि इंग्रजी वाक्प्रचारांच्या मागे लागले. पार्कात फेऱ्या मारताना ते पुटपुटत पाठ करायचे. लोकांना वाटायचं, जप चाललाय. पाठांतर चोख होतं, फक्त इंग्रजीतल्या 'द'च्या बाबतीत हात जरा सैल होता. "अरे, 'द' म्हणजे वरून भुरभुरायची कोथिंबीर," ते मला सांगत. "थोडी जास्त पडली तर बिघडतं काय?"

बिघडायचं. सोसायटीच्या सत्यनारायणाला एक डॉक्टरीणबाई पाहुण्या आल्या होत्या. 'इन अ फॅमिली वे' म्हणजे घरगुती पद्धतीने, हे काकांना पक्कं ठाऊक. त्यांनी माइक घेऊन जाहीर केलं, "मॅडम, हिअर वुई आर ऑल इन द फॅमिली वे!" त्या एका 'द'ने पंच्याहत्तरीच्या चेअरमनसाहेबांसकट अख्ख्या सोसायटीला दिवस गेले. बाई प्रसाद खायच्या थांबल्या. मावशीने कपाळाला हात लावला. काकांना वाटलं, भाषण रंगलं.

त्यांच्या मुलीचं, मंजिरीचं, जमत आलं तेव्हा मात्र कुणाला हसू आलं नाही. मुलगा शीवचा. त्याच्या वडिलांची सगळी नोकरी दिल्लीत झालेली, त्यामुळे इंग्रजीत बोलायची सवय. त्यांनी फोनवर विचारलं, लग्न पक्कं समजायचं ना? काका आनंदाने ओरडले, "आउट ऑफ द क्वेश्चन, सर! आउट ऑफ द क्वेश्चन!" पलीकडून फोन ठेवला गेला. काकांनी पेढे मागवले. मी नंतर पोचलो आणि एक खाल्लासुद्धा.

संध्याकाळी मंजिरी ऑफिसातून आली ती रडवेल्या चेहऱ्यानेच. "बाबा, तुम्ही त्यांना नाही म्हणालात?"

"मी? मी तर म्हटलं, आउट ऑफ द क्वेश्चन! म्हणजे प्रश्नच नाही!"

"काका," मी म्हटलं, "मध्ये 'द' घातला की त्याचा अर्थ होतो, शक्यच नाही."

काका पांढरेफटक पडले. मग चपला घालून तसेच निघाले, मी मागोमाग. समोर दिसेल ती टॅक्सी धरली. शीवला दार उघडताच त्यांनी मुलाच्या वडिलांपुढे हात जोडले. "साहेब, मला इंग्रजी येत नाही. माझ्यामुळे पोरीचं लग्न मोडू नका."

मला इंग्रजी येत नाही! हे वाक्य काकांच्या तोंडून ऐकून मी जागच्या जागी थिजलो. सगळा घोटाळा समजल्यावर त्या गृहस्थांना हसू फुटलं होतं, पण काकांचे डोळे बघून त्यांनी ते गिळलं आणि हाताला धरून त्यांना आत नेलं.

लग्न थाटात झालं. मंजिरी सुखात आहे. काकांनी मात्र त्या दिवसापासून इंग्रजी टाकलं ते टाकलंच. परवा पार्कातल्या कट्ट्यावर मी त्यांना म्हटलं, "काका, होऊ दे एखादा वाक्प्रचार. चुकला तर चुकला."

त्यांनी नेटमध्ये क्रिकेट खेळणाऱ्या मुलांकडे पाहिलं. मग हळूच म्हणाले, "नको रे. उगाच कुणाला लागायचं."

आता मावशीकडे कुणालाच धक्के बसत नाहीत. चहा पिऊन मी लवकरच उठतो.