आठपासून तेवीसपर्यंत

सन २००२. मला अठ्ठावन्न पुरी झाली होती. दाजीबानपेठेत कापडाचं दुकान, शिक्षण चौथीपर्यंत. पण मोजमापात माझी चूक कुणी दाखवलेली नव्हती, आणि दाखवली असती तरी मी ऐकली असती असं नाही.

थोरल्या मुलीला आम्ही घरात अक्का म्हणतो. ती कॉम्प्युटर शिकली आणि गोकुळ रोडवर, कारखान्यांना इंटरनेट देणाऱ्या एका कंपनीत लागली. सहा महिने कच्ची नोकरी, मग काम बघून पक्की करणार. सहाव्या महिन्यात साहेबानं तिला नव्या यंत्रासाठी लिहून काढायला एक यादी दिली.

प्रत्येक कारखान्याला इंटरनेटचे नंबर दिलेले असतात. सुरुवातीचे आकडे सगळ्यांचे सारखे, शेवटचा तेवढा वेगळा, शून्यापासून दोनशे पंचावन्नपर्यंत. जुन्या यंत्राला ‘इतक्यापासून इतक्यापर्यंत’ असं लिहिलेलं चालायचं. नव्याला ते थोडक्यात लागायचं: सुरुवातीचा नंबर, तिरपी रेघ, रेघेपुढे एक आकडा. चोवीस म्हणजे सगळे दोनशे छप्पन्न, पंचवीस म्हणजे निम्मे, सव्वीस म्हणजे त्याचेही निम्मे. आकडा वाढेल तसा गठ्ठा लहान.

रविवारी सकाळी ती यादी घेऊन बसली. माझे आकडे सुबक, ताग्यांवरच्या चिठ्ठ्या मीच लिहितो, म्हणून पक्की प्रत मी लिहायला घेतली.

“सोळापासून एकतीसपर्यंत किती, अप्पा?”

“पंधरा.”

“सोळा.”

“एकतिसातनं सोळा गेले की पंधराच राहतात.”

“हे कापड नव्हे, अप्पा. साड्या मोजल्यासारखं मोजा. सोळावी पण घ्यायची, एकतिसावी पण.”

बोटांवर मोजलं. सोळा भरले. तिची आई आतनं म्हणाली, “म्हणजे इतकी वर्षं गिऱ्हाइकाला एक साडी जास्तच जात असणार.”

हे मला लागलं. पुढं एका पंपाच्या कारखान्याचे नंबर आले, आठपासून तेवीसपर्यंत. अक्कानं त्याच्या दोन ओळी केल्या होत्या: आठपासून आठ नंबर, सोळापासून आठ नंबर. मी तिच्याच रीतीनं मोजलं, सगळे मिळून सोळा. सोळाला रेघेपुढे अठ्ठावीस, हे मला आता पाठ झालं होतं. ओळी जितक्या कमी तितकं बरं, असं साहेबानंच सांगितलेलं. ती चहा करायला उठली तेवढ्यात मी दोनाची एक ओळ केली: आठ, रेघ, अठ्ठावीस. सांगितलं नाही. म्हटलं, साहेब शाबासकी देईल तेव्हा सांगू. अप्पांनी लिहिलंय म्हणून तिनं परत न बघता खाली सही केली.

सोमवारी यादी साहेबाकडे गेली. मंगळवारी दहाला ती यंत्रात चढवायची होती.

सोमवारी दुपारी दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. मी मांजरपाटाची घडी घालत होतो. निम्मं, त्याचं निम्मं, त्याचंही निम्मं. हात थांबले. सबंध कापड दोनशे छप्पन्नचं धरलं तर चार घड्यांत सोळाचा तुकडा होतो. उलगडून घडीच्या खुणा बघितल्या. पहिला तुकडा शून्य ते पंधरा, दुसरा सोळा ते एकतीस. आठपासून सुरू होणारा सोळाचा तुकडा त्या कापडात कुठंच नव्हता. पाचवी घडी घातली तेव्हा आठ-आठचे तुकडे झाले, आणि अक्काच्या दोन्ही ओळी तिथं बरोबर बसल्या.

संध्याकाळी ती आल्यावर विचारलं, “समज, कुणी आठ रेघ अठ्ठावीस लिहिलं, तर?”

“यंत्र शून्य ते पंधरा धरेल. त्यातले शून्य ते सात एका छापखान्याचे आहेत, ते पंपवाल्याकडे जातील. पंपवाल्याचे सोळापासून पुढचे सुटतील. दोघंही बोंबलत येतील. पण असं कोण लिहिणार?”

“मी.”

ती माझ्यासमोर येऊन बसली. मग म्हणाली, “खाली सही माझी आहे, अप्पा.”

“तू सांगितलंस तर तो म्हणेल, चूक बापाच्या माथी मारते. मीच येतो उद्या.”

“तुम्ही? चूक कबूल करायला?”

“मला पण न्या,” तिची आई म्हणाली. “मला हे बघायचंय.”

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकानाचं कुलूप न काढता मी अक्काबरोबर गोकुळ रोडच्या बसमध्ये बसलो. साहेब माझ्या निम्म्या वयाचा. “बर्री, कूड्री,” या, बसा, म्हणाला. मी बसलो नाही. कन्नडमध्येच सांगितलं, “ही ओळ माझी. मुलीनं दोन बरोबर लिहिल्या होत्या. मी तिला न विचारता एक केली.”

त्यानं ओळ वाचली आणि अक्काकडं बघितलं. “आणि तू न बघता सही केलीस.”

तिनं मान हलवली.

“हिची नोकरी?” मी विचारलं.

“बाकीची यादी बरोबर निघाली तर राहील. दहाला नको, बाराला चढवू. दोघं मिळून पुन्हा तपासा.”

मग मी खुर्ची ओढली, चष्मा लावला, आणि पहिल्या ओळीपासून तिला वाचून दाखवायला लागलो.