पित्ताचं बदक

आमच्या मामांची थट्टा करायची संधी कुणाला मिळतच नसे, कारण ते काम मामा स्वतःच आधी उरकून घेत. टक्कल, ढेरी, कचेरीत साहेबाकडून खाल्लेल्या शिव्या, सगळं गिरगावातल्या आमच्या वाडीला त्यांच्याच तोंडून कळे. "लोक हसणारच. मग आपल्या सोयीनं का हसू नयेत?" असं त्यांचं म्हणणं.

कावीळ झाली तेव्हाही तेच. शेजारच्या मुलीच्या हळदीला गेले आणि म्हणाले, "मला लावू नका, मी घरूनच लावून आलोय." मामीनं चुन्याच्या निवळीत हात धुवून कावीळ उतरवणारी बाई आणली, गळ्यात माळ घातली, वैद्यांचा काढा पाजला. कावीळ उतरेना, ढेरी मात्र उतरली. अंगाला अशी खाज सुटे की मामा करवंटीनं पाठ खाजवत बसत. त्यांचे हाल बघवत नसत.

शेवटी सरकारी इस्पितळातल्या गोऱ्या डॉक्टरकडे जायचं ठरलं. दुभाष्या मी. नुकताच मॅट्रिक झालो होतो. इंग्रजीत मला न येणारं काही उरलंय हे मला अजून कुणी सांगितलं नव्हतं. डॉक्टरनं पोट दाबून पाहिलं आणि 'बाइल डक्ट' असं काहीसं म्हटलं. बाइल म्हणजे पित्त, हे मला ठाऊक होतं. पुढच्या शब्दाच्या शेवटापर्यंत थांबायला मला सवड नव्हती.

"मामा, पित्ताचं बदक तुंबलंय," मी गंभीरपणे सांगितलं.

"बदक? अरे, मी तर 'बाईल' ऐकलं. म्हटलं, तुझी मामीच अडकली की काय पोटात!"

डॉक्टरनं कागदावर चित्र काढलं तेव्हा कळलं, की पित्ताची नळी तुंबली आहे. आत खडा असेल नाहीतर गाठ. पोट उघडल्याशिवाय सांगता यायचं नाही. खडा असला तर काढता येईल. गाठ असली तर पित्ताला आतड्यात दुसरी वाट करून द्यायची. खाज थांबेल, पण गाठ राहील. वाडीत मात्र बदकच पोचलं होतं. "काय मामा, बदक काय म्हणतंय?" असं लोक विचारत आणि मी तोंड चुकवून जिना उतरे.

"पोट फाडून कुणी परत आलंय का?" मामी रडत म्हणाली.

"अगं, मरायचं तर मरेन," मामा म्हणाले, "पण खाजवत नको."

क्लोरोफॉर्म देऊन पोट उघडलं. मामा वाचले. खाज थांबली, डोळ्यांतला पिवळेपणा गेला, ते गाढ झोपू लागले. घरी सोडायच्या दिवशी डॉक्टर माझ्यासाठी मुद्दाम सावकाश बोलला. आयुष्यात पहिल्यांदाच मला त्याचा शब्द न् शब्द कळला.

"काय म्हणतो रे साहेब?"

"नीट कळलं नाही, मामा."

मामांनी आधी माझ्याकडे, मग डॉक्टरकडे पाहिलं. "असू दे. साहेबाचं तोंड मराठीत बोलतंय."

बाहेर मामी देवाचा अंगारा घेऊन उभी होती. मामांनी कपाळ पुढे केलं. "खडा होता गं. काढला." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "काय रे, असंच म्हणाला ना साहेब?"

"हो मामा, असंच."

मामा श्रावणात गेले. तोवर मामीनं माझ्या इंग्रजीवर पुरता विश्वास ठेवला.